मीठ कुठे असतं?

रविवारी सकाळी ग्रंथालयाचा वरचा हॉल कुणाच्या तरी साखरपुड्याला दिला गेला आणि केळुसकर सरांचा वर्ग रस्त्यावर आला. खालच्या वॉचमनने जिन्यातच हात आडवा केला, "आज वर्ग नाय, आज पेढे." बरीच मंडळी पेढ्यांच्या वासावर समाधान मानून परत फिरली. उरले तिघे. भांडुपच्या एका शाळेच्या ग्रंथालयात मदतनीस असलेली मानसी, घाटकोपरला लॅबच्या काउंटरवर रक्त-लघवीचे रिपोर्ट वाटणारी रुचिरा, आणि बसच्या कंडक्टरकीतून निवृत्त झालेले गुणाजी परब. परीक्षा तोंडावर आलेली.

"माझ्याकडे चला," सर म्हणाले. "इथं मागेच आहे घर."

म्हणाले खरे, पण आपण माणसं घरी बोलावतो आहोत असं त्यांना म्हणताना वाटलंच नाही. हल्ली असंच व्हायचं. वाक्य तोंडातून निघायचं, कानावर पडायचं, आणि मधे कुणी राहत असल्याची काही खूण नसायची.

माघात सरांच्या पत्नी वनमालाबाई गेल्या. सकाळी गॅसवर दूध ठेवलं, "जरा बघा हो" म्हणाल्या आणि खुर्चीवर टेकल्या त्या टेकल्याच. सर, म्हणजे मार्तंडराव, दुधाकडे बघत राहिले, कारण सांगितलं होतं दुधाकडे बघायला. पुढचं सगळं रीतसर झालं. डोळ्याला पाणी काही आलं नाही. सोसायटीतल्या बायका आपसांत म्हणाल्या, पुरुषमाणूस आहे, आतल्या आत गिळतोय. गिळायला काही असतं तर मार्तंडरावांना बरंच वाटलं असतं.

एक काळ असा होता की त्यांच्या वर्गाला लोक मुलुंडातूनच नव्हे, पार सांताक्रूझहून यायचे. ग्रंथालयशास्त्राचा साधा प्रमाणपत्र वर्ग तो, आणि विद्यार्थी सगळे मोठे, संसारी. कुणा शिपायाला मदतनीस व्हायचं असे, कुणाला चाळीतलं वाचनालय चालवायचं असे, कुणाला नुसतं घरातून दोन तास सुटायचं असे. पहिल्या दिवशी वर्गात पुस्तक उघडलं जात नसे. सर एकेकाला विचारत, "तुमच्या घरात मीठ कुठे असतं? आणि का?" माणसं आधी हसत, मग विचारात पडत, मग हात हवेत फिरवून दाखवत: इथे गॅस, इथे मीठ, इथे माझा डावा हात. अर्धा तास झाला की सर म्हणत, "झालं. वर्गीकरण तुम्हाला येतंय. आता त्याला शास्त्रात काय म्हणतात तेवढंच मी सांगणार."

ही रीत त्यांनी कुठल्या शिक्षणशास्त्रातून घेतली नव्हती, कीर्तनातून घेतली होती. दर गुरुवारी नवराबायको दत्तमंदिरात कीर्तनाला जात. तिथे ऐकता ऐकता त्यांच्या मनाने घेतलं की रावण मरणार हे मंडपातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं, तरी माणसं मांडी घालून बसतात. बुवा नवं काही सांगत नाही. ठाऊक असलेलं जागं करतो. मोठ्यांचा वर्गही तसाच. चाळिशीच्या माणसापाशी आयुष्यभराची गोष्ट तयार असते, आपण फक्त चिपळ्या वाजवायच्या. आणि सांभाळून वाजवायच्या, कारण मोठ्या माणसाला पाठ उशिरा कळतो, अपमान लगेच कळतो.

दुसरा त्यांचा नियम होता, नव्या ग्रंथालयात गेलात तर महिनाभर कशाला हात लावू नका. "तुमच्या आधी तिथं कुणीतरी होतं. त्याने जे लावलंय ते खुळ्यासारखं दिसलं तरी लावलंय. बसा. बघा. वाचकाचा हात कुठे जातो, कुठून रिकामा येतो. मग हलवा."

माघानंतर हे सगळं आपसूक थांबलं. सर गाईड आणायचे, त्यातून टिपणं सांगायचे आणि विद्यार्थी उतरवून घ्यायचे. कुणी तक्रार केली नाही. फक्त गुणाजी एकदा जिन्यात म्हणाले होते, "पूर्वी सर शिकवीत, आता सर स्टॉप सांगतत."

घरात शिरल्याबरोबर तिघे थबकले. भिंतीला टेकून कोऱ्या खोक्यांचा गठ्ठा उभा होता.

"बिल्डिंग पुनर्विकासाला गेली," सर म्हणाले. "उद्या सकाळी पॅकर्स येणार. देवेशने सगळं ठरवलंय." देवेश म्हणजे मुलगा, राहायला बोरिवलीला. "बसा. पान काढा. सूचीकरण."

"सर, आधी चहा टाकते," मानसी म्हणाली आणि कुणाची परवानगी न घेता आत गेली.

थोडा वेळ आतून नुसता डब्यांचा आवाज आला. मग तिची हाक आली, "सर! चहा खसखशीच्या शेजारी?"

"गुळाच्या," सर बाहेरूनच म्हणाले. "ख, ग, मग च. मधे गूळ आहे बघ."

रुचिरा आणि गुणाजी उठून आत गेले. कडप्प्याच्या तीन फळ्यांवर डबे आणि बरण्या शिस्तीत उभ्या होत्या, आणि प्रत्येकीच्या पोटावर पांढरी चिठ्ठी, पुस्तकाच्या पाठीवर लावतात तसली, सरांच्या कोरीव अक्षरात. आमसूल, ओवा, खसखस, गूळ, चहा, जिरं. त्याच्या वरच्या फळीवर तांदूळ, तिखट, तूरडाळ. सगळं अकारविल्हे. एका रिकाम्या बरणीवर लिहिलं होतं: मिरचीपूड, पाहा तिखट.

रुचिराने पदर तोंडाला लावला. गुणाजींना तेवढा धीर नव्हता, ते फसकन हसले. "बा देवा म्हाराजा! ह्या ग्रंथालयात जेवणार कोण?"

"आणि साखर कुठाय माहितीय? तिकडे, टोकाला, स्टुलावर चढून. हळद-हिंगाच्या आधी," मानसी म्हणाली. ती हसत नव्हती. "सर, हे तुम्ही कधी केलं?"

मार्तंडराव दारात येऊन उभे होते. "तेरावं झालं, सगळे गेले. संध्याकाळी पेज केली. मीठ सापडेना. म्हणून."

"म्हणून सगळं हलवलंत?"

"एका बैठकीत झालं," ते म्हणाले. त्यांना आठवलं, त्या संध्याकाळी चिठ्ठ्या कापताना बरं वाटलं होतं. बरं म्हणजे काम चाललंय असं. "आता सगळं सापडतं."

मानसीचं तोंड फटकळ, पण त्या क्षणी तिने जीभ आवरायचा प्रयत्न केला हे सगळ्यांना दिसलं. नाही आवरली. "सर, हेच मी शाळेत केलं असतं ना, तर तुम्ही मला नापास केलं असतं. महिनाभर हात लावू नका, कोण सांगतं आम्हाला? वाट लावली तुम्ही काकूंच्या स्वयंपाकघराची."

"अगं मानसी," रुचिरा पुटपुटली.

मार्तंडराव फळ्यांकडे बघत राहिले. ती म्हणते ते खरं आहे, हे त्यांना उत्तरपत्रिका तपासताना कळावं तसं कळलं. चूक आहे. गुण नाहीत. छातीत मात्र काही हललं नाही. "हो," ते म्हणाले. "पण आता काय. उद्या सगळं खोक्यात जाणार. किचन एक, किचन दोन."

"म्हणजे कुठे काय होतं ते तुम्हालाही आठवत नाही?"

"मी पाण्याच्या माठापलीकडे कधी आत आलो नाही."

हे ऐकून गुणाजी हसायचे थांबले. त्यांच्या घरीही माठापर्यंतच होतं.

चहा झाला, उभ्या उभ्या. साखरेसाठी वर चढलेली रुचिरा स्टुलावरून खाली उतरलीच नाही. कप हातात धरून ती फळीवरच्या मेणकापडाकडे वाकून बघत होती. "मानसी, हे बघ. इथे पिवळी गोल खूण आहे. आणि वर काय ठेवलंय? साबुदाणा."

"मग?"

"साबुदाण्याने पिवळं होतं का? हळद होती इथे."

मानसीने साबुदाण्याचा डबा उचलला, खालच्या फळीवरचे दोन उचलले, आणि मग काय सांगावं, तिघं फळीला नाक लावूनच उभी राहिली. वर्षानुवर्षं एका जागी बूड टेकलेल्या डब्यांनी मेणकापडावर आपली वर्तुळं सोडली होती. तेलाची चिकट, चहाची तपकिरी, हळदीची पिवळी, मिठाची पांढरी आणि खरबरीत.

"सगळं खाली काढू," मानसी म्हणाली. "उद्या माणसं हे मेणकापड गोळा करून फेकून देतील. आज नाही वाचलं तर कधीच नाही."

"सूचीकरण राहिलं," सर म्हणाले.

"सर, हेच नाय का ता?" गुणाजींनी बाह्या सरसावल्या.

मार्तंडराव माठाजवळच्या स्टुलावर बसले. त्यांना अडवायची इच्छा नव्हती, करावं अशीही नव्हती. डबे भराभर ओट्यावर, जमिनीवर आले. स्टीलच्या डब्यांवर वनमालाबाईंचं नाव कोरलेलं, डबे कुठल्या कुठल्या हळदीकुंकवात मिळालेले. गुणाजी एकेक डबा उचलून फळीवरच्या गोलावर टेकवत, बसला नाही की परत घेत, जणू चुकीचं तिकीट. हळद बसली. मीठ बसलं, गॅसच्या उजव्या हाताला, कंबरेच्या उंचीवर. पण डाळी काही जमेनात.

"डाळी एकत्रच असणार ना," रुचिरा म्हणाली. "तूर, मूग, चणा, मसूर. सगळीकडे तसंच असतं."

"तुझ्या घरी. माझ्याकडे मुगाची वेगळी, पोरांच्या खिचडीची."

"आमच्याकडे कुळीथ म्होरं," गुणाजी म्हणाले. "डाळ म्हणजे पावण्यांक."

"गुणाजी, तुमचं कुळीथ ठेवा बाजूला, इथे कुळीथच नाही!"

"नाय कसो? वहिनी कोकणातल्या ना?"

"सर, काकू कुठल्या?"

"वेंगुर्ल्याच्या," सर म्हणाले.

"मग कुळीथ हवोच!" गुणाजी जमिनीवरच्या डब्यांची झाकणं उघडत सुटले आणि कुळथाचं पीठ सापडल्यावर त्यांनी असा चेहरा केला, जणू हरवलेला प्रवासी मिळाला. मग तो डबा कुठे ठेवायचा यावरून तिघांची जुंपली. प्रत्येकजण आपापल्या घरची मांडणी या फळीवर चढवू बघत होता. आवाज चढले. आणि मार्तंडराव बसल्या जागेवरून म्हणाले,

"घाई नको. तुम्हाला काय वाटतं ते नंतर. आधी काय दिसतंय ते सांगा."

तिघांनी हातातले डबे खाली ठेवले. माघापासून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. ते सरांनी म्हटलं, की सवयीने निघालं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"मधल्या फळीवर डावीकडे दोन मोठे गोल," मानसी हळू म्हणाली. "चिकटून. एक तांदळाचा, डबा बसला. दुसऱ्यात मुगाची डाळ बसते. शेजारी एक लहान, तो मेतकुटाचा, वास अजून आहे."

"तूरडाळ?"

"ती खाली. चिंच, गूळ, गोडा मसाला यांच्या बरोबर."

"आणि साबुदाणा?"

"तो वरच्या फळीवर, वरीचे तांदूळ, राजगिरा, शेंगदाणे. सगळं उपासाचं एका जागी. पण सर, शेंगदाणे दोन ठिकाणी आहेत. एक डबा उपासाचा, एक रोजचा. असं चालतं?"

"चालतं," सर म्हणाले. त्यांनी हात गुडघ्यावर ठेवले. "वापरणाऱ्याला चालत असेल तर चालतं. ही विषयवार मांडणी नाही. तूरडाळ आमटीबरोबर, मूग खिचडीबरोबर. ती जिन्नस बघत नव्हती. काय करायचंय ते बघत होती." मग ते म्हणाले, "पाठ्यपुस्तकात याच्यावर एक ओळ आहे. मी ती दरवर्षी वाचून पुढे जायचो."

"मग हा खिचडीचा कोपरा," रुचिरा म्हणाली. "पण खिचडी एवढी काय हाताशी ठेवायची? रोज करायच्या का?"

"आठवत नाही."

"सर," मानसी त्यांच्यासमोर उकिडवी बसली. वाचक गोंधळला की त्याला सोपा प्रश्न विचारायचा, हे तिला यांनीच शिकवलं होतं. "खिचडी असली की जेवून मग काय करायचात?"

 खिडकीबाहेर कुणीतरी जुन्या पाइपलाइनवरून वॉचमनशी भांडत होतं. "चपला घालायचो," मार्तंडराव म्हणाले. "देवळात जायचो. गुरुवार असायचा. जेवण लवकर आटपायला हवं म्हणून खिचडी."

"गुरुवारचा कोपरा," रुचिरा म्हणाली.

खिचडीच्या त्या कोपऱ्यात, मेतकुटाच्या पुढ्यात, अगदी हाताशी एक छोटा गोल उरला होता. काळपट. त्याला साजेसा डबा ओट्यावर कुठलाच नव्हता. उलट ओट्यावर एक खसखशीची बरणी उरली होती आणि तिला गोल नव्हता. बरणी ठेवून बघितली, मोठी झाली.

"मिशेरी!" गुणाजी एकदम म्हणाले. "काळो डाग, लहान डबी. आमची आये अशीच ठेवी, चुलीजवळ. सर, वहिनी मिशेरी लावायच्या?"

"गुणाजी!" मानसीने त्यांच्या दंडावर फटका दिला. "काय पण!"

"विचारलंय फक्त. पाप नाय ता."

"काजळ असेल," रुचिरा म्हणाली.

मार्तंडराव उठले. ते फळीपाशी आले, त्या काळपट गोलावर त्यांनी बोट घासलं आणि नाकाशी नेलं. वास त्यांना ओळखीचा होता. कशाचा हे कळायच्या आधीच पाय देवघराकडे वळले.

बुक्क्याची पितळी डबी कापूर, गंध आणि वातींच्या शेजारी होती. पूजेचं साहित्य म्हणून त्यांनीच ती तिथे नेऊन लावली होती, आणि विषयाच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नव्हती. कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवा थांबतो, मंडळींना बुक्का लावतात आणि मग आख्यान सुरू होतं. दत्तमंदिरात बायकांच्या बाजूला बुक्का लावायची सेवा वनमालाबाईंची होती. खिचडी उतरवायची, ताटं घासायला टाकायची, डबी उचलून कनवटीला लावायची आणि निघायचं. देवघरापर्यंत जायला तेव्हा कुणाला वेळ होता?

त्यांनी डबी आणून गोलात ठेवली. बसली म्हणायचं. कडेला थोडी जागा उरली, घाईघाईत सांडून सांडून गोल मोठा झाला असेल. खात्री कोण देणार?

"बसली," गुणाजी म्हणाले.

मार्तंडरावांनी झाकण उघडलं. डबी निम्मी भरलेली होती आणि बुक्क्यात एका बोटाची खळी होती. ते तिच्याकडे बघत राहिले. आता काहीतरी होईल, असं तिघांनाही वाटलं असावं, कारण कुणी हललं नाही. झालं काहीच नाही. डोळे कोरडेच होते, हातही स्थिर होता. फक्त त्या खळीत बोट घालायला त्यांना जमेना, म्हणून त्यांनी कडेने बोट बुडवलं.

गुणाजींनी टोपी काढली आणि कपाळ पुढे केलं. देवळात बसलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. सरांनी त्यांना बुक्का लावला, मग रुचिराला, मग मानसीला. मानसी खाली बघत होती. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"सर, मी मघाशी जे बोलले ना…"

"बरोबर बोललीस. नापासच." ते डबीचं झाकण लावत म्हणाले. "पूर्वरंग झाला. पुढच्या रविवारी गाईड आणू नका. मी पण आणणार नाही. परीक्षेला काय येतं ते सांगेन, पण आधी त्या भांडुपच्या शाळेत पोरं कुठल्या कपाटापाशी जाऊन रिकाम्या हाताने परततात, ते मानसी सांगेल. महिनाभर बघितलंय ना?"

"वर्षभर बघतेय, सर. कुणी विचारलंच नाही."

"हं. ते माझं चुकलं."

खसखशीला जागा मिळाली नाही. गुणाजींचं कुळीथही चुकीच्या जागी गेलं असावं असं रुचिराचं जाता जाता म्हणणं पडलं. गुणाजींनी ते मानलं नाही, आणि दोघं जिना उतरेपर्यंत भांडत राहिली. चिठ्ठ्या तेवढ्या तशाच डब्यांच्या पोटांवर राहिल्या. काढायला गेलं तर चिकटपणा राहतो, मानसी म्हणाली.

दुपारी देवेशचा फोन आला. "बाबा, उद्या सकाळी माणसं येतील. तुम्ही कशाला हात लावू नका, ते सगळं करतात. किचनची खोकी पण तेच भरतील."

"स्वयंपाकघर मी भरतोय."

"तुम्ही? अहो कशाला? कशात काय घालणार?"

"फळीप्रमाणे. गुरुवारचं एका खोक्यात, उपासाचं एका खोक्यात. आणि फळीवरचं मेणकापड गुंडाळून घेतोय, ते टाकायचं नाही."

 देवेश सावधपणे म्हणाला, "बाबा, भाड्याच्या जागेत मॉड्युलर किचन आहे. तिथे अशा फळ्याच नाहीत. लावणार कुठे हे सगळं?"

"लगेच नाही लावायचं. खोकी उघडी ठेवू. महिनाभर."

"महिनाभर? आणि मग?"

"बघू," मार्तंडराव म्हणाले. "हात कुठे जातो ते."

संध्याकाळी त्यांनी खिचडी टाकली. वार रविवार होता, पण तांदूळ आणि मूग शेजारी शेजारी होते, दुसरं काही सुचलं नाही. पाणी उकळल्यावर मिठासाठी त्यांचा हात वर गेला, आपणच लावलेल्या जागी, म च्या फळीवर. तिथे राजगिरा लागला. हात थोडा वेळ तसाच वर राहिला. मग खाली आला, गॅसच्या उजवीकडे, कंबरेच्या उंचीवर, आणि तिथे मीठ होतं.